आखूड कोटांचं शतक

टॉम सॉयर मराठी वाचकाला अनोळखी नाही. कुंपण रंगवायचं काम दुसऱ्यांच्या गळ्यात घालून वर त्यांच्याकडूनच मोबदला उकळणारं ते कार्टं बहुतेकांना शाळेच्या वयातच कुठल्यातरी अनुवादातून भेटलेलं असतं. मार्क ट्वेनचं हे पुस्तक १८७६ सालचं. त्यातला काळ मात्र तीस-चाळीस वर्षं आधीचा, आणि जागा मिसिसिपीच्या काठावरचं मिसूरी राज्यातलं एक गाव. पुस्तक पुन्हा हाती आलं तर एकदा नुसत्या कपड्यांवर नजर ठेवून वाचा.

पहिल्याच प्रकरणात पॉली मावशी निसटू पाहणाऱ्या टॉमला पकडते, ती त्याच्या कोटाचा सैल भाग मुठीत धरून. पुढे रस्त्यात त्याला एक परका मुलगा दिसतो. निळ्या कापडाचा नवाकोरा कोट, सगळी बटणं लावलेली, गळ्याला टाय आणि वार शुक्रवार असूनही पायात बूट! अंगावर धावून जायला टॉमला आणखी कारण लागत नाही. रविवारी चर्चला निघताना मेरी टॉमच्या कोटाची बटणं थेट हनुवटीपर्यंत लावून देते आणि शर्टाची भलीथोरली कॉलर खांद्यांवर उलटवते. हा कोट ज्या जोडातला, त्याला घरात नावच 'दुसरे कपडे'. म्हणजे तिसरे नव्हतेच.

तिन्ही ठिकाणचे कोट एकाच जातीचे. राउंडअबाउट म्हणत त्याला. अंगाबरोबर बसणारा, कमरेशी संपणारा, मागे शेपटं नसलेला. १८२० ते १८६० या काळातला अमेरिकन मुलगा डोळ्यांसमोर आणायचा तर अंगात हा कोट हवाच.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मुलांच्या कोटाचे निदान सात-आठ प्रकार होऊन गेले. वेशभूषेवरची पुस्तकं ते ओळीनं मांडतात, चित्रं देतात आणि बदलांचं खापर फॅशनवर फोडून मोकळी होतात. फॅशनचा वाटा होताच. पण मला दुसरंच एक कारण जास्त खरं वाटतं. कोट कोण शिवतंय हे जेव्हा जेव्हा बदललं, तेव्हा तेव्हा कोटाची कापणी बदलली. फिरती शिंपीण, घरची आई, कारखाना: प्रत्येकाच्या कात्रीतून वेगळा मुलगा बाहेर पडला.

सुरुवात कोटाच्याही आधीपासून करायला हवी, कारण पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत मुलाला कोटच नसे. मुलगा असो की मुलगी, अंगात झगा. लंगोट बदलायला तो सोयीचा, आणि पोर वाढलं की खालची दुमड उसवून लांब करता येई. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. फ्रँकलिन रूझवेल्टचा १८८४ सालचा, अडीच वर्षांच्या वयातला फोटो प्रसिद्ध आहे: लांब केस, पांढरा झगा, हातात टोपी. पुढे चार वेळा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेला माणूस आहे हा, असं सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. झग्यातून विजारीत जाणं हा घरातला छोटा सोहळाच असायचा. बापाच्या मित्रानं नव्या खिशात नाणं टाकायचं, मुलानं दिवसभर खिशात हात घालून मिरवायचं, असा एकंदर थाट.

झग्यानंतर काय घालायचं, याचं अठराव्या शतकापर्यंतचं उत्तर सोपं होतं: बापाचे कपडे, फक्त लहान मापाचे. पण आधी लॉक आणि नंतर १७६२ च्या 'एमील' मध्ये रूसो या विचारवंतांनी मुलांना आवळून बांधू नका असा धोशा लावला आणि इंग्लंडमध्ये १७८० च्या सुमारास खास मुलांसाठी एक पोशाख आला. स्केलेटन सूट. अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांनी तो लगेच उचलला. आखूड, चपखल जाकीट, त्यावर खांद्यापर्यंत चढत गेलेल्या बटणांच्या दोन ओळी, गळ्याशी झालरीची कॉलर, आणि लांब विजार जाकिटालाच कमरेपाशी बटणांनी जोडलेली. डिकन्सनं १८३६ मध्ये या पोशाखाची यथेच्छ टर उडवली आहे. मुलाचे पाय जणू काखेखालीच अडकवलेत असं दिसायचं, हा त्याचा आक्षेप.

या सूटमध्ये एक गंमत होती. लांब विजार ही तेव्हा खलाशी आणि मजूर यांची. सभ्य गृहस्थ गुडघ्यापर्यंतची तुमान आणि पायमोजे घालत. म्हणजे लांब विजार बापाच्या आधी मुलाला मिळाली. पुढे बापांनीही लांब विजार स्वीकारली आणि ती रुळल्यावर, १८६० नंतर, मुलांना पुन्हा गुडघ्यापर्यंत आखडून टाकलं. बाप आणि मुलगा यांच्यात काहीतरी फरक दिसला पाहिजे, हा त्या शतकाचा हट्टच दिसतो.

१८३० पर्यंत स्केलेटन सूट मागे पडला. त्याचं वरचं जाकीट तेवढं मोकळं होऊन राहिलं आणि राउंडअबाउट बनलं. तो शिवणारे हात कोणाचे? न्यू इंग्लंडच्या गावांमधून फिरत्या शिंपिणी असत. वर्षातून एकदोनदा त्या घरी येऊन मुक्काम ठोकत, जेवणखाण घरचंच, आणि घरातल्या साऱ्या पुरुषांचे-पोरांचे कपडे उरकून पुढच्या घरी जात. कापड घरी विणलेलं, नाहीतर गिरणीचं सॅटिनेट, म्हणजे उभा धागा सुती आणि आडवा लोकरीचा. उन्हाळ्यात लिनन. पुष्कळदा नवं कापड नसेच. बापाचा जुना कोट उसवायचा, उलटा करायचा आणि न झिजलेल्या भागातून मुलाचा बेतायचा. आता मोठ्या माणसाच्या कोटातली कोपरं, शेपटं, खिशांच्या कडा वगळल्यावर उरणार किती? कमरेपर्यंतचा एक आखूड कोट. राउंडअबाउट तसा का होता याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं असं की शेपटं हा मोठ्या माणसाचा मान होता. तो मिळायला पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत थांबायचं.

कोट वाढत्या अंगाचा शिवायचा हे तिकडच्या आयांनाही ठाऊक होतं. बाहीत दुमड ठेवायची, शिवणीत कापड सोडायचं. तरी अंगाबरोबर बसणाऱ्या कोटाला या युक्त्या किती पुरणार? १८३९ नंतर अमेरिकेत डॅगेरोटाइपचे स्टुडिओ निघाले आणि साध्या घरातली मुलंही चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर उतरली. त्यातले कोट पाहा. बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या, छातीवरची बटणं ताणलेली, नाहीतर उलट, खांदे ओघळलेले, कारण कोट थोरल्या भावाचा. नेमका मापाचा कोट शोधावा लागतो.

मात्र टॉमच्या मिसूरीत गुलामगिरी होती, हे विसरून चालणार नाही. कोट हा गोऱ्या मुलाच्या आयुष्यातला टप्पा होता. गुलाम मुलाला तो टप्पाच नव्हता. फ्रेडरिक डग्लसनं १८४५ च्या आत्मवृत्तात मेरिलँडमधल्या मळ्यावरचा हिशेब दिला आहे. शेतात राबण्याजोगं वय नसलेल्या मुलांना वर्षाला जाडेभरडे दोन शर्ट. बूट नाहीत, मोजे नाहीत, जाकीट नाही, विजार नाही. शर्ट फाटले की पुढच्या वाटपापर्यंत उघडं राहायचं. व्हर्जिनियात जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टनची आठवण तर अंगावर येते. जवसाच्या टाकाऊ धाग्यांचा नवा शर्ट इतका खरबरीत की घालताना शेकडो काटे एकदम टोचावेत. पण दुसरा शर्टच नाही. तेव्हा त्याचा थोरला भाऊ जॉन यानं तो आधी स्वतः काही दिवस अंगात घातला, धाकट्यासाठी मऊ व्हावा म्हणून. गुलामगिरीत एका नातेवाइकानं दुसऱ्यासाठी केलेलं इतकं उदार कृत्य क्वचितच ऐकलं, असं वॉशिंग्टन म्हणतो. थोरल्याचा कोट धाकट्याला, ही रीत गोऱ्यांच्या घरोघरी होती. इथे तीच रीत कुठल्या कुठे जाऊन पोचली.

१८४६ मध्ये इलायस हाऊला शिवणयंत्राचं पेटंट मिळालं, १८५१ मध्ये आयझॅक सिंगरला त्याच्या सुधारित यंत्राचं. पण मुलांच्या कोटाला खरा धक्का दिला तो युद्धानं.

एल्मर एल्सवर्थ नावाचा शिकागोचा एक तरुण १८६० च्या उन्हाळ्यात आपलं झुआव्ह पथक घेऊन शहरोशहरी कवायतीचे खेळ करत फिरला. झुआव्ह हे मूळचे अल्जीरियातले फ्रेंच सैनिक. घोळदार विजार आणि वर बिनकॉलरचं, आखूड, भरजरी जाकीट. गळ्याशी एकच बटण, खाली पुढचे दोन्ही भाग गोल होत मागे गेलेले, कडेनं गोट. अमेरिकेला वेड लागलं. पुढच्या वर्षी यादवी सुरू झाली आणि २४ मे १८६१ रोजी व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात एका हॉटेलवरचा बंडखोरांचा झेंडा उतरवून जिन्यावरून खाली येताना एल्सवर्थ मारला गेला. तो लिंकनचा लाडका. त्याचं शव व्हाइट हाऊसमध्ये ठेवलं होतं. तो गेला, पण त्याचं जाकीट उत्तरेतल्या पोरांच्या अंगावर चढलं ते पुढची दहा वर्षं उतरलं नाही.

लिंकनच्या घरातही तेच. विली आणि टॅड या दोघा मुलांकडे जॅक नावाचा झुआव्ह गणवेशातला बाहुला होता. पहाऱ्यावर झोपल्याच्या आरोपावरून मुलं त्याच्यावर खटला चालवायची, मृत्युदंड द्यायची आणि बागेत पुरायची. माळी वैतागला. शेवटी माफीचा अर्ज थेट राष्ट्राध्यक्षांकडे गेला आणि लिंकननं बाहुल्याला लेखी माफी दिली. टॅडला तर युद्धमंत्री स्टँटननं थट्टेत लेफ्टनंट करून टाकलं होतं. गणवेशातला त्याचा फोटो आहे. विली फेब्रुवारी १८६२ मध्ये तापानं गेला, अकरा वर्षांचा होऊन.

झुआव्ह जाकीट इतकं पसरलं त्याला एल्सवर्थचं हौतात्म्य कारणीभूत होतं, तसंच एक साधं शिंपीकामही. हे जाकीट पुढून उघडं. कमरेशी बसवायचं नाही, बटणं जुळवायची नाहीत, काजांची एक अख्खी ओळ वाचली. राउंडअबाउट बेतायला शिंपीण लागे. झुआव्ह आईला जमण्यासारखं होतं, तिच्या हाती नमुना असला तर.

तो नमुना नेमका त्याच वेळी आला. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा शिंपी एबेनेझर बटरिक यानं १८६३ मध्ये कागदी नमुने विकायला काढले. नमुने आधीही मिळत. मासिकांबरोबर एकाच मापाचा गुंतागुंतीचा तक्ता येई आणि त्यावरून आपल्या पोराचं माप काढता काढता बाई हैराण होई. बटरिकनं प्रत्येक मापाचा वेगळा नमुना कापला. पातळ कागद, घडी घालून पाकिटात. कापडावर पसरायचा, टाचण्या लावायच्या, कडेकडेनं कात्री चालवायची. पहिले नमुने पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांचे होते, आणि खपाचा उच्चांक केला तो मुलांच्या गॅरिबाल्डी सूटनं. इटलीच्या लालडगलेवाल्या सेनापतीची कीर्ती ताजी होती. सैल अंगरख्यासारखा वरचा भाग, कमरेला पट्टा. तोही अंगाबरोबर बसवायचा नाही, हे लक्षात घ्या. बटरिकनं वर्षभरात न्यूयॉर्कला बिऱ्हाड हलवलं. बायकांच्या कपड्यांचे नमुने त्यानं १८६६ मध्ये आणले. आज बटरिकचं नाव बायकांच्या शिवणकामाशी जोडलेलं आहे, पण त्या धंद्याचा पाया पोरांच्या कोटांवर घातलेला होता.

झुआव्ह जाकिटाखाली आता आखूड विजार आली, निकरबॉकर. आई एका रात्रीत उठवून देऊ शकेल असा हा जोड. घरी यंत्र असलं तर अर्ध्या रात्रीत.

कारखाना मागे नव्हताच. युद्धानं लाखो गणवेश मागितले. कंत्राटदारांनी काही वेळा चिंध्या पिंजून बनवलेलं 'शॉडी' कापड लष्कराच्या माथी मारलं आणि पावसात शिपायांच्या अंगावर कोट विरघळले. ती बदनामी सोडली, तर एक गोष्ट हाती लागली: माणसं अमुक ठरावीक मापांत बसतात, हा अनुभव. एप्रिल १८६१ मध्ये, युद्धाची पहिली तोफ उडाली त्याच सुमारास, फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकरनं मेहुण्याबरोबर 'ओक हॉल' हे पुरुषांच्या आणि मुलांच्या तयार कपड्यांचं दुकान उघडलं. पहिल्या दिवसाचा गल्ला २४ डॉलर ६७ सेंट. त्यातले २४ डॉलर जाहिरातीवर गेले आणि ६७ सेंट सुट्टे म्हणून गल्ल्यात राहिले, असं त्याची चरित्रं सांगतात. दहा वर्षांत ते देशातल्या सर्वांत मोठ्या कपड्यांच्या दुकानांपैकी एक झालं. १८७२ मध्ये शिकागोहून माँटगोमेरी वॉर्डनं टपालानं माल पाठवायला सुरुवात केली. १८७९ मध्ये न्यूयॉर्कला फक्त मुलांच्या कपड्यांचं 'लिलिपुटियन बझार' निघालं. शतकाच्या अखेरीस सीअर्स-रोबकचा जाडजूड कॅटलॉग दूरच्या शेतावरसुद्धा पोचू लागला.

या दुकानांनी मुलाचं माप काढणंच बंद केलं. वय सांगा, कोट घ्या. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना आत खोटी बंडी दिसणारा व्हेस्टी सूट, मग चौदा-पंधरापर्यंत कोट आणि गुडघ्यापर्यंतची विजार, त्यापुढे लांब विजार. आधी आई ठरवत असे पोरगा केव्हा मोठा झाला ते. आता कॅटलॉगचा रकाना ठरवू लागला. वयाच्या मानानं थोराड किंवा किरकोळ मुलांचे त्यात किती हाल झाले असतील, हे आपल्याकडे शाळेच्या गणवेशाच्या दुकानात उभ्या राहिलेल्या कुणालाही कळेल.

मधल्या मधल्या लाटांचा इथे नुसता उल्लेख पुरे. राणी व्हिक्टोरियाच्या स्कॉटिश प्रेमातून आलेला, वर कोट आणि खाली चुण्यांचा घागरा असा किल्ट सूट. तिच्याच मुलाच्या १८४६ मधल्या चित्रामुळे गाजलेला आणि अमेरिकेत १८८० नंतर घरोघरी गेलेला खलाशी सूट. श्रीमंत खासगी शाळांमधला ईटन कोट, म्हणजे राउंडअबाउटचाच बडा भाऊबंद. मला घाई आहे ती मखमलीकडे जायची.

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट मँचेस्टरला जन्मली, पंधरा वर्षांची असताना टेनेसीत आली आणि लिहून कुटुंब पोसू लागली. लायनेल आणि व्हिव्हियन ही तिची दोन मुलं. त्यांना ती स्वतः शिवलेले मखमली सूट आणि लेसच्या कॉलरी घाली, केस कुरळे करून खांद्यावर सोडी. धाकट्या व्हिव्हियनवरून तिनं 'लिट्ल लॉर्ड फाँटलरॉय' ही कादंबरी लिहिली. ती 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकात नोव्हेंबर १८८५ पासून वर्षभर क्रमशः आली आणि १८८६ मध्ये पुस्तकरूपानं. (याच मधल्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली आणि त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई तिथे पोचल्या. रमाबाईंचा मुक्काम पुढे १८८८ पर्यंत लांबला, म्हणजे हे मखमली वेड ऐन भरात होतं तेव्हा त्या अमेरिकेतच होत्या.)

गोष्ट न्यूयॉर्कच्या साध्या वस्तीत वाढलेल्या सेड्रिकची. वाणी हॉब्ज आणि बूटपॉलिशवाला डिक हे त्याचे जिवलग. तो एकाएकी इंग्लंडमधल्या एका अर्लचा वारस ठरतो. पुस्तकातला सेड्रिक मोकळा, धीट, शर्यतीत जिंकणारा मुलगा आहे. पण वाचकांनी, त्यातही आयांनी, पाहिली ती रेजिनाल्ड बर्चची चित्रं. काळं मखमली जाकीट, गुडघ्यापर्यंतची मखमली विजार, कमरेला शेला, रुंद लेसची कॉलर, खांद्यावर बटा. ही कल्पना अगदीच आकाशातून पडलेली नव्हती. व्हॅन डाइकच्या चित्रांतले सरदारपुत्र होते, आणि अगदी अलीकडे, १८८२ मध्ये, ऑस्कर वाइल्ड मखमली जाकीट आणि गुडघ्यापर्यंतची तुमान घालून अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरला होता. वाइल्डला हसणाऱ्या त्याच देशानं चार वर्षांनी आपल्या मुलांना तोच वेश चढवला.

१८८८ मध्ये नाटक आलं, सेड्रिकचं काम एल्सी लेस्ली या मुलीनं केलं, आणि वेड आणखी पसरलं. मखमल परवडत नसेल तिथे सुती मखमल, लेस नसेल तिथे झालर. शिवणयंत्रानं शिवण सोपी केली होती. वाचलेला वेळ आईनं कॉलरीवर घातला. मुलांचं मत कुणी विचारलं नाही. गल्लीत काय होत असेल त्याची कल्पना स्टीफन क्रेनच्या १८९९ मधल्या 'द एंजल चाइल्ड' या गोष्टीवरून येते. एक छोटी मुलगी गल्लीतली सारी पोरं न्हाव्याकडे नेते आणि त्यांच्या बटा उतरवून आणते. मग आयांचा जो आकांत होतो तो क्रेननं खास मजेनं लिहिला आहे. 'फाँटलरॉय' हे नाव पुढे बायल्या, लाडावलेल्या पोराला चिडवायला वापरात आलं. सेड्रिकवर हा अन्याय आहे, पण कपड्यांनी माणसाची गोष्ट खाऊन टाकल्याचं दुसरं इतकं ठळक उदाहरण मला माहीत नाही. व्हिव्हियन बर्नेट जन्मभर त्या मखमलीखालून सुटला नाही. १९३७ मध्ये लाँग आयलंडच्या खाडीत उलटलेल्या होडीतल्या चौघांना वाचवून तो हृदयविकारानं कोसळला. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात तरीही 'मूळचा फाँटलरॉय'च मेला.

याच वर्षांत स्वस्त सूट शिवणारी मुलंही होती. डेन्मार्कहून आलेला पत्रकार जेकब रीस १८९० च्या 'हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज' मध्ये न्यूयॉर्कच्या लडलो स्ट्रीटवरच्या एका बिऱ्हाडात आपल्याला नेतो. छोट्या खोलीत यंत्रांवर पाच पुरुष, एक बाई, पंधराच्या आतल्या दोन मुली आणि एक मुलगा. सगळे रशिया-पोलंडकडून आलेले ज्यू. काम एकच, मुलांच्या गुडघ्यापर्यंतच्या विजारी. तो मुलगा कुणी न विचारताच सांगतो, मी पंधरा वर्षांचा आहे. ते खोटं आहे हे रीस तिथल्या तिथे नोंदवतो. आठवड्याला १२० डझन विजारी निघतात, डझनाला ७० सेंट मिळतात, आणि त्यात मुकादमाचा निव्वळ नफा डझनामागे ५ सेंट. रीसच्या दुसऱ्या एका फोटोखाली तर दर ४५ सेंट लिहिलेला आहे. १२० डझन म्हणजे १,४४० विजारी, सहा दिवसांत, एका खोलीतून. कॅटलॉगमधला सूट स्वस्त कसा होता त्याचा हिशेब हा.

पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलला कोट वेगळ्याच कामाला जुंपला गेला. लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये कॅप्टन रिचर्ड प्रॅटनं १८७९ मध्ये मूळ अमेरिकन मुलांसाठी वसतिशाळा काढली. मुलं आली की आधी केस कापायचे, अंगावरचे कपडे उतरवायचे आणि लष्करी धाटणीचा गणवेश चढवायचा. टॉम टॉर्लिनो या नावाहो तरुणाचे १८८२ आणि १८८५ चे दोन फोटो शाळेनं शेजारी शेजारी छापून वाटले: आधी लांब केस, कानात बाळ्या, अंगावर घोंगडी, नंतर कोट, टाय, भांग. देणगीदारांसाठी पुरावा म्हणून कोट पुरे होता. पहिल्या तुकडीतल्या लाकोटा मुलांपैकी लूथर स्टँडिंग बेअरनं मोठेपणी आत कसं वाटत होतं ते लिहिलं. ताठ कॉलर, रुंद पट्टे, पाय सोलणारे बूट, आणि हिवाळ्यात लाल फ्लॅनेलचे आतले कपडे, ज्यांनी अंगाची आग होई. राउंडअबाउट, झुआव्ह, मखमल हे सगळे निदान घरच्यांच्या मायेतून चढवलेले होते. या कोटाबद्दल तसं म्हणता येत नाही.

शतक संपताना बाजी मारली ती दोन कोटांनी. एक नॉरफोक, इंग्लंडच्या शिकारी जाकिटावरून आलेला: छातीवर आणि पाठीवर उभ्या पेटीसारख्या चुण्या, कमरेला त्याच कापडाचा पट्टा. सायकलींच्या त्या दशकात तो धावपळीचा कोट म्हणून शोभला. दुसरा साधा सॅक कोट, खांद्यावरून सरळ नितंबांपर्यंत सुटलेला, कमरेला जोडच नाही. बापही ऑफिसला तोच घालत होते. यंत्राला आणि कॅटलॉगला असाच कोट हवा होता. कमरेशी बसवायचा नसल्यामुळे 'वय ९' च्या कोटात नऊ वर्षांचा कुठलाही मुलगा कसाबसा मावे. शंभर वर्षांपूर्वी रूसोच्या वाचकांनी मुलाला बापाच्या कपड्यांतून बाहेर काढलं होतं. कारखान्यानं कमरेच्या वर तरी त्याला पुन्हा आत घातलं. गुडघ्याखाली मात्र फरक ठेवला. लांब विजारीसाठी अमेरिकन मुलगा त्यानंतरही तीसेक वर्षं वाट पाहत राहिला.

मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला जाणारे मराठी आईवडील आता घरोघरी आहेत. तिथल्या एखाद्या संग्रहालयात काळ्या मखमलीचा छोटा सूट दिसला, तर तो इतका धड कसा राहिला याचं नवल करू नका. मुलाच्या अंगावर तो मोजक्याच वेळा चढलेला असतो. रोजचा राउंडअबाउट मात्र तिथे सहसा सापडणार नाही. तो थोरल्याकडून मधल्याकडे आणि मधल्याकडून धाकट्याकडे गेला, कोपरांना ठिगळं लागली, आणि शेवटी चिंधीवाल्यामार्फत शॉडीच्या गिरणीत जाऊन त्याचं पुन्हा कापड झालं.